साऊंडबार, चार इंची भिंत आणि आईचे कान

डीजेवर लिहिलं की कमेंटमध्ये दोन गट पडतात, हे आता पाठ झालंय. एक गट म्हणतो सणावाराला वाजणारच. दुसरा म्हणतो, साहेब, पोलिसांना टॅग करा. मागच्या पोस्टवर मात्र एका दादानं वेगळंच विचारलं. "रस्त्यावरचं सोडा हो, आमच्या घरातला साऊंडबारच कमी पडायला. तुम्ही मंडपवाल्याकडं काम केलंय ना, आवाज वाढवायचा काही उपाय सांगा." त्याखाली आठ-दहा जणांनी "मला पण" लिहिलं. म्हणून आज ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी त्या सगळ्यांना उलट विचारलं, कमी पडायला म्हणजे नेमकं काय होतं? उत्तरं जवळपास सारखीच आली. गाणी लई भारी वाजतात, पिक्चरमध्ये गाडी उडाली की खिडक्या हादरतात, पण माणसं काय बोलायलेत तेच कळत नाही.

म्हणजे आवाज कमी नाही. बोलणं कमी आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा इलाज दुसरीवर केला की घर, शेजार आणि कान तिन्ही बिघडतात.

आमच्याच घरचं सांगतो. धाकट्या भावानं दिवाळीत साऊंडबार आणला, सोबत तो डब्यासारखा वूफर. आई छहात्तर वर्षांची. संध्याकाळी कीर्तनाचं चॅनल, मग बातम्या, मग तिची सिरियल. बार आल्यावरही तिचं "काय म्हणायलाय रे त्यो?" थांबलं नाही. भाऊ आवाज वाढवायचा. रिमोटवरचा आकडा बत्तीसपर्यंत गेला. आमची आणि शेजाऱ्यांची मधली भिंत चार इंची, पलीकडं त्यांच्या मुलीचं अभ्यासाचं टेबल, आणि तिचं बारावीचं वर्ष. एक दिवस तिचे वडील फाटकापाशी आले. भांडायला नाही, संकोचून. "भाऊ, शब्द ऐकू येत नाहीत, पण ते धुम् धुम् सारखं येतंय. पोरगी रडकुंडीला आलीय."

आता गंमत बघा. ज्या आवाजाचे शब्द आईला खोलीत कळत नव्हते, त्याच आवाजाचा ठोका पलीकडच्या घरात पोचत होता. आईला तो कमी, पोरीला जास्त. दोघीही खरंच बोलत होत्या.

याचं कारण सोपं आहे. जाड आवाज, ज्याला आपण बेस म्हणतो, तो भिंतीतून सहज पलीकडं जातो. बारीक आवाज भिंतीत अडतो. आणि बोलण्यातले शब्द ओळखू येतात ते त्या बारीक आवाजावर. आ, ई, ओ हे स्वर जाड असतात, त्यांच्यात जोर असतो. पण स, श, त, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, कमी ताकदीची. ती गेली की "सात" आणि "आठ" सारखेच वाटायला लागतात. बाजारभाव ऐकणाऱ्या माणसाला यात किती रुपयांचा फरक पडतो ते सांगायला नको. वय झालं की कान आधी नेमक्या याच वरच्या पट्टीत मंद होतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय रे, पण कळत नाही." आपल्याला वाटतं हट्ट करतात. हट्ट नसतो, अगदी अचूक तक्रार असते ती.

आवाज वाढवला की सगळंच वाढतं, आणि वाढलेला बेस त्या बारीक अक्षरांवर घोंगडं टाकतो.

मी कॉलेजच्या सुट्ट्यांत गंगाखेड-पालमकडं सप्त्यांना भोंगे बांधायला जायचो. लिंबाच्या शेंड्यावर चढून तारेनं भोंगा आवळायचा, तोंड गावाकडं करायचं, खाली येऊन "हॅलो, माईक टेस्टिंग". त्या भोंग्याला बेस म्हणून नव्हताच. गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं यायचं. पण महाराजांच्या कीर्तनातला शब्द न् शब्द पलीकडच्या शिवारात पाणी धरणाऱ्या माणसाला कळायचा. कारण भोंगा नेमकी बोलण्याची पट्टी फेकतो. जुन्या लँडलाइन फोनचंही तेच होतं. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी तारेतून जायची, त्याच्या खालचं-वरचं सगळं कापलेलं, तरी पुण्याला गेलेल्या पोराचं बोलणं आपल्याला नीट कळायचं. आज लग्नात लाखाचा डीजे लावतात आणि नवरदेवाचं नाव कुणाला ऐकू येत नाही.

(जाता जाता. आपण डीजे म्हणतो त्याला सातारा-कोल्हापूरकडं "डॉल्बी" म्हणतात. रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, आणि त्याचं पहिलं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या यंत्रामुळं. नको तो आवाज कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण कशाला दिलं बघा.)

आता खरा उपाय, एक रुपया न घालवता.

आधी बारची जागा बघा. आपल्याकडं फर्निचरवाला टीव्हीखाली कप्पा करून देतो आणि बार त्यात आत ढकलला जातो. मग आवाज आधी लाकडाशी बोलतो आणि नंतर तुमच्याशी. बार पुढं ओढा, टेबलाच्या काठाला त्याचं तोंड आलं पाहिजे, समोर देव्हारा-फ्लॉवरपॉट काही नको. वूफर कोपऱ्यात असेल तर तो बाहेर काढा. कोपऱ्यात बेस फुगतो, आणि कोपरा सामाईक भिंतीचा असेल तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरातच वूफर ठेवल्यासारखं आहे. आम्ही तो उलट्या बाजूला नेला, भिंतीपासून हातभर लांब.

मग सेटिंग. रिमोटवर "व्हॉइस", "डायलॉग" किंवा "न्यूज" असं बटण बहुतेक बारना असतं. ते दाबा. बेस दोन-तीन घर खाली, ट्रेबल एक-दोन घर वर. "नाइट मोड" असेल तर रात्री लावा, त्यात धमाके दबतात आणि कुजबुज वर येते. ब्लूटूथपेक्षा टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर "एआरसी" लिहिलंय तिथून वायर जोडा. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करा, दोन्ही चालू राहिले तर शब्दाला शब्द चिकटतो. आणि एक गोष्ट निम्म्या घरांत तशीच राहिलेली असते. सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज वेगळा असतो. तो अर्ध्यावर असेल तर पुढं कितीही महागडा बार असू द्या, उपाशी माणसाला कुस्तीला उतरवल्यासारखं होतं. बॉक्सचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त फक्त बारच्या रिमोटनं करा. एवढं करूनही पिक्चरमधलं बोलणं दबत असेल, तर टीव्हीच्या साऊंड आउटपुटमध्ये "पीसीएम" निवडून बघा. साध्या बारना पाच-सहा स्पीकरसाठी बनवलेला आवाज नीट पचत नाही.

तिसरी गोष्ट खोली. आपले हॉल म्हणजे खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारी भिंती कोऱ्या. टाळी वाजवून बघा, घुमते की नाही? तसाच प्रत्येक शब्द घुमतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. यावर हजारो रुपयांचे फोमचे तुकडे मिळतात. आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं, कशाला ते घ्यायचे? खाली जाड सतरंजी टाकली, खिडकीला दुपदरी पडदा लावला आणि आईनंच शिवलेली जुनी गोधडी समोरच्या भिंतीवर टांगली. पाहुणे विचारतात, ही काय फॅशन? सांगतो, साऊंड सिस्टिम आहे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खुर्ची. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीत थोडा कमी वाढतो, पण वाढतो. तेवढीच वाढ वॅटमधून पाहिजे असेल तर चौपट वॅट लागतात. आईची खुर्ची भिंतीला टेकून होती, ती बारपासून पाच फुटांवर आणली. आता रिमोटवरचा आकडा अठरा असतो, आणि कीर्तनात हशा पिकला की आईही हसते. आधी ती आमच्या तोंडाकडं बघून हसायची.

वॅटवरून आठवलं. जास्त वॅटचा नवा बार घ्यायला निघालेल्यांनी जरा थांबा. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतात. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. खोक्यावरच्या आकड्यांचा खेळ जुना आहे. टेपरेकॉर्डरच्या काळात "१००० वॅट पीएमपीओ" लिहिलेले डबे आपण डोक्यावर घेऊन नाचलोच ना. "आरएमएस" वॅट किती ते विचारा. दुकानदार विषय बदलायला लागला तर समजून घ्या.

आता या पोस्टचा सार्वजनिक भाग. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ला ४५. हे आपल्याला मिरवणुकीच्या वेळी आठवतं. पण त्याच नियमांत घरातल्या खासगी साऊंड सिस्टिमचाही उल्लेख आहे. तिचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जायला नको. म्हणजे निवासी भागात रात्री दहानंतर तुमच्या कुंपणावर ५० डेसिबल. शांतपणे बोलणाऱ्या दोन माणसांचा आवाज जवळून ऐकला तर यापेक्षा जास्त भरतो. टीव्हीवरच्या जाहिराती जास्त मोठ्यानं वाजू नयेत असंही केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलंय. सिरियल थांबली की रिमोट शोधणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येईल.

तक्रार करा असं मी म्हणत नाही. सामाईक भिंतीच्या माणसावर पोलीस बोलावून कुणाचं भलं झालंय? पण शांतता समितीच्या बैठकीत "यांचा डीजे बंद करा" म्हणणारे आणि रात्री अकराला घरात क्रिकेटची हायलाइट्स दणक्यात लावणारे एकच असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. सगळं करूनही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कळत नसेल, तर बार बदलू नका, कान तपासा. कधी नुसता मळ असतो, दहा मिनिटांचं काम. कधी यंत्र लागतं. आपण आजोबांना चष्मा लगेच आणतो, कानाच्या यंत्राला मात्र "आता या वयात कशाला" म्हणतो. मग आजोबा हळूहळू बोलणंच सोडतात. चारचौघांत बसले तरी एकटेच. घरात कुणी जोरात विचारलं की ते "हो हो" म्हणतात, काय विचारलं ते न कळताच. दवाखान्यात औषध किती वेळा घ्यायचं यालाही ते "हो हो"च म्हणतात.

२०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ च्या पुढं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर सहायक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यावर येतात. साधनांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. तीन हजारांत चांगलं यंत्र येत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच आधी आकडा हातात पाहिजे.

तुमच्या घरी टीव्हीचा आवाज सारखा वाढवायला सांगणारं कुणी असेल, तर कमेंटमध्ये फक्त त्यांचं वय आणि आपला भाग लिहा. नाव नको, नंबर नको. जिंतूर रोड, वसमत रोड, नानलपेठ, गंगाखेडकडचेही चालतील. चाळीस-पन्नास जण झाले की कानाच्या तपासणी शिबिरासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देऊ, सोबत यायला तिघं तयार आहेत. आमच्या घरून पहिली नोंद मीच करतो. वय ७६.