पुण्यांतील जपानी गाणें

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान बहुतेक पुणेकरांच्या परिचयाचें आहे. सुमारें दहा एकरांचें हें उद्यान २००६ सालीं खुलें झालें. जपानांतील ओकायामा शहरीं कोराकुएन नांवाचें जें उद्यान १७०० सालीं पूर्ण झालें, त्याच्या धर्तीवर याची रचना केलेली आहे. वळणें घेत जाणारें पाणी, त्यावरील लहानसे पूल आणि निगुतीनें राखलेली हिरवळ पाहून मंडळी प्रसन्न चित्तानें घरीं परततात. परंतु ओकायामाकडून पुण्यास आलेली आणखी एक वस्तु आहे. ती बागेंत दिसत नाहीं, दिवाणखान्यांत ऐकूं येते. तिच्याचविषयीं आज वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

कराओके हा शब्द आतां मराठींत रुळला आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हें 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचें जपानी जिभेनें केलेलें आखूड रूप. वाजविणारे समोर कोणी नाहींत, वाद्यें मात्र वाजत आहेत, असा हा रिकामा वाद्यवृंद. कोबे शहरांतील दाइसुके इनोउए या वादकानें १९७१ सालीं असें यंत्र सिद्ध केलें व त्याचें पेटंट घेतलें नाहीं. त्याच्या आगेमागें इतरांनींहि तशीं यंत्रें केलीं होतीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत ओकायामा प्रांतांत कोणा कल्पक माणसानें मालवाहू डब्याची खोली केली आणि ती भाड्यानें गाण्यास दिली. जपानी घरें दाटीनें वसलेलीं, भिंती पातळ. शेजाऱ्याची झोप न मोडतां कुटुंबास एकत्र गातां यावें, ही सोय त्या डब्यानें झाली आणि तशा खोल्या देशभर पसरल्या.

पुण्यास या गाण्याची ओढ लागली ती जपानी भाषेमुळें. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि पेठापेठांतील खाजगी वर्ग यांतून दर वर्षीं कितीतरी तरुण मुलेंमुली ही भाषा शिकतात. कोणास हिंजवडीच्या कचेरींत काम हवें असतें, कोणास चाकणच्या कारखान्यांत दुभाषी व्हावयाचें असतें. जुलै व डिसेंबर महिन्यांत होणाऱ्या पात्रता परीक्षेच्या पांच पायऱ्या चढणें हें त्यांचें ध्येय. आश्चर्य असें कीं, या परीक्षेंत वाचन आहे, व्याकरण आहे, श्रवणहि आहे. परंतु बोलण्याचा भागच नाहीं. त्यामुळें शेंकडों चित्राक्षरें ओळखणारा विद्यार्थी जपानी पाहुण्यासमोर उभा राहिला कीं मुका होतो. अशा वेळीं एखादें गाणें जिभेची गांठ सोडवितें, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

पुण्यांत या गोष्टीस आक्षेप यावयाचाच. ज्या गांवांत भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं भारत गायन समाजाचा पाया घातला, जेथें १९५३ सालीं सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, तेथील वडीलधारी मंडळी विचारतात, "तंबोरा नाहीं, गुरु नाहीं, यंत्रापुढें उभें राहून गळा काढणें, याला गाणें कोण म्हणेल?" आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मैफल आणि घरगुती बैठक यांचे धर्म निराळे. मैफलींत एक जण गातो व शंभर जण पारखतात. कराओकेच्या खोलींत प्रत्येकाची पाळी येणार असते, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यास सांभाळून घेतो. गाणें कसेंहि झालें तरी शेवटीं टाळी वाजविणें हा तेथील शिष्टाचार. आणि पुणेरी श्रोत्यानें तो अवश्य उचलावा, असें नम्रपणें सुचवावेंसें वाटतें.

शिवाय हीं गाणीं आपल्या कानास वाटतात तितकीं परकीं नाहींत. जपानी लोकप्रिय गीतांतील पुष्कळ चाली 'योनानुकि' नांवाच्या स्वरमालेंत बांधलेल्या आहेत. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात आणि 'नुकि' म्हणजे वगळणें. चौथा व सातवा स्वर वगळला कीं काय उरतें, हें पेटी शिकलेल्या कोणत्याहि मुलीस विचारावें. मध्यम आणि निषाद वर्ज्य म्हणजे आपला भूप ! रागाचें चलन, त्याचा विस्तार हें सारें निराळें, हें खरें. पण स्वर तेच. सेन मासाओ या गायकाचें १९७७ सालचें 'कितागुनि नो हारु', म्हणजे 'उत्तरेकडील वसंत', हें गाणें याच स्वरांत आहे. शहरांत राहणाऱ्या माणसास गांवचा वसंत आठवतो, आईनें पाठविलेलें लहानसें गांठोडें येतें, हा त्यांतील विषय. परगांवच्या वसतिगृहांत ज्यानें घरचा लाडवांचा डबा उघडला आहे, त्यास याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

आतां निवडीसंबंधीं. नवशिक्यानें संथ चालीचें गाणें घ्यावें, कारण जपानी भाषा मात्रांची आहे. दीर्घ स्वरास दोन मात्रा, आणि नुसत्या 'न्' काराससुद्धां एक पूर्ण मात्रा द्यावी लागते. आर्या म्हणणाऱ्या घरांत हा हिशेब सहज उमजावा. 'ओबासान्' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'ओबाआसान्' म्हणजे आजी. एक मात्रा गिळली कीं आजीची मावशी होते. साकामोतो क्यू याचें १९६१ सालचें 'उए ओ मुइते आरुको' हें या दृष्टीनें उत्तम. अमेरिकेंत त्यास 'सुकियाकि' असें एका खाद्यपदार्थाचें नांव मिळालें व १९६३ सालीं तें तेथें पहिल्या क्रमांकावर गेलें. गाण्यांत मात्र त्या पदार्थाचा उल्लेखहि नाहीं. मिसोरा हिबारि हिचें १९८९ सालचें 'कावा नो नागारे नो यो नि' वृद्ध पाहुण्यांस फार प्रिय. परंतु त्यास दमसास लागतो. आणि 'होतारु नो हिकारि' गोड असलें तरी बैठकीच्या आरंभीं म्हणूं नये. तें निरोपाचें गीत आहे. जपानांत दुकान बंद होतांना त्याची चाल वाजते व गिऱ्हाइकें उठूं लागतात.

आमच्या पेठेंतील एका कुटुंबाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. थोरला मुलगा व सून नोकरीनिमित्त नागोयास असतात. पांच वर्षांचा नातू तिकडच्या बालवाडींत जातो आणि आजीच्या मराठी प्रश्नांस जपानींत उत्तरें देतो. आजी दूरध्वनी ठेवून गप्प बसत. धाकट्या सूनबाई जपानी शिकतात. त्यांनीं सासूबाईंना 'युयाके कोयाके' हें १९२३ सालचें बालगीत देवनागरींत लिहून दिलें. सूर्यास्त, डोंगरावरील देवळाची घंटा, हातांत हात घालून घरीं परतणारीं मुलें, असा त्याचा आशय. जपानांतील कितीतरी गांवांत सायंकाळीं त्याची चाल ध्वनिक्षेपकावरून वाजते व मुलें खेळ आवरतात. आजींनीं पहिल्याच दिवशीं भूप ओळखला. महिनाभर यंत्राच्या साथीवर त्यांचा सराव चालला. तिकडे सायंकाळचे पांच म्हणजे येथें दुपारचा दीड. जेवणें आटोपून आजी गाऊं लागल्या, तेव्हां नातवानें प्रथम त्यांची एक मात्रा दुरुस्त केली आणि मग सूर मिळविला. गाणें संपल्यावर त्यानें विचारलें, "तुमच्याकडे संध्याकाळीं काय म्हणतात?" हल्लीं तो 'शुभंकरोति' म्हणतो, अर्ध्यावर अडतो, आणि आजी पुढचा शब्द सांगतात.

जपानी शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनीं यांतून एवढेंच घ्यावें : आपला गळा किती फिरतो हें दाखविण्यासाठीं गाणें निवडूं नये. समोर कोण बसलें आहे तें आधीं पाहावें, शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा, मात्रा मोजून ठेवाव्या, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस एकदां ऐकवावें. नोकरीसाठीं भाषा शिकणें यांत कमीपणा नाहीं. मात्र जी भाषा केवळ परीक्षेच्या कागदावर राहते, तिच्यांत कोणाचें सांत्वन करतां येत नाहीं कीं कोणास निरोप देतां येत नाहीं. चारपांच गाणीं नीट बसविलीं, तर त्याचा आरंभ तरी होतो.