शेवटच्या चौकटीनंतर

१/ दिग्रसमधील एका घराच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, खिशात मावणाऱ्या युद्धचित्रकथा अजून जपलेल्या आहेत. त्यांतील ‘कमांडो’ ही मालिका स्कॉटलंडच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ साली सुरू केली. एका पानावर दोन-तीन कृष्णधवल चौकटी, एका पुस्तिकेत एक संपूर्ण कथा.

२/ पेटीच्या मालकाने शाळकरी वयात या पुस्तिकांवरून वहीत सैनिक रेखाटले. त्यांतला प्रत्येक शूर वीर गोरा होता.

३/ याच महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे साथीदार ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली. पुन्हा काडतुसे भरण्यास सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले.

४/ चित्रकथा येथे संपली असती. इतिहास पुढे जातो. जिंकलेल्या त्याच मोर्चात, लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला.

५/ रायगडमधील माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने येथे २०२३ साली त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. दिग्रसच्या त्या जुन्या वहीतही, फार उशिरा, एक चौकट वाढली आहे. तिच्यात लढाई नाही. पदक स्वीकारणारी एक तरुण विधवा आहे.