'कव्वाम' आणि माझं एटीएम कार्ड

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात तर्जुमा, म्हणजे अनुवाद शिकवत होते. एकच शब्द दोन भाषांत कसा बदलतो हे सांगताना सूरह निसाच्या ३४ व्या आयतीचा विषय निघाला. एका मुलीने ऐकलेलं सांगितलं, "मर्द औरतों पर हाकिम हैं." मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिची अम्मी नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठं खुडते. संध्याकाळी घरी आली की हातांची आग होते, पण घर तिच्याच मजुरीवर चालतं.

"टीचर, खर्च तर अम्मी करते. मग आमच्या घरात हाकिम कोण?"

वर्ग हसला. मी "पुढच्या तासाला बोलू" म्हटलं आणि फळा पुसला. खरं सांगते, मी घाबरले. उद्या कुणाच्या घरून विचारणा झाली तर, हीच धास्ती.

घरी येऊन तर्जुमे काढले. मूळ अरबी शब्द 'कव्वाम'. शेखुल हिंद मौलाना महमूद हसन 'हाकिम' लिहितात. आला हजरत अहमद रझा खान 'अफसर' लिहितात. मौलाना मौदूदी 'कव्वाम' तसाच ठेवतात. आयत एक, आणि उर्दूत शब्द तीन! धातू आहे काफ-वाव-मीम, म्हणजे उभं राहणं. नमाजातला कियाम त्यातूनच आला. आपल्या मराठीतले 'कायम' आणि 'मुक्काम' हेही त्याच घरचे.

मग अमीना वदूद यांचं 'कुरआन अँड वुमन' वाचलं. या अमेरिकन विदुषीचं हे पुस्तक १९९२ मध्ये मलेशियात प्रथम निघालं. त्यांच्या मते ही हुकूमत नसून जबाबदारी आहे: बाई मूल जन्माला घालते, तेव्हा तिच्या गरजांचा भार पुरुषाने उचलावा. मुंबईचे असगर अली इंजिनिअर आयतीत दोन गोष्टी वेगळ्या करतात, त्या काळच्या समाजाची स्थिती आणि कायमचं मूल्य. पुरुष आपला माल खर्च करतात, हे कारण आयतच देते. कारण बदललं तर काय, हा विचार त्यामुळे करावाच लागतो.

हे सगळ्यांना मान्य नाही. अनेक उलमा म्हणतात, खर्च हे एकच कारण नाही, आयतीत फजीलतही आहे. त्यांचं म्हणणंही मी वाचलं. पण त्याच सूरहच्या १३५ व्या आयतीत अल्लाह सगळ्या ईमानवाल्यांना, बाया-पुरुष दोघांनाही, इन्साफवर 'कव्वाम' व्हायला सांगतो. तिथे कुणी 'हाकिम' लिहीत नाही. तिथे बरेच जण 'कायम राहा' असं लिहितात.

पुढच्या तासाला मी तिन्ही तर्जुमे फळ्यावर लिहिले, १३५ वी आयतही सांगितली. निकाल दिला नाही. ती मुलगी वहीत उतरवत म्हणाली, "अम्मीला दाखवते."

त्या रात्री मला माझंच हसू आलं. माझी अठरा वर्षांची नोकरी, पण पगाराचं एटीएम कार्ड आजवर यांच्या पाकिटात. त्यांनी हिसकावलं नव्हतं, मीच कधी मागितलं नव्हतं. जेवण झाल्यावर मागितलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पाकीट काढून म्हणाले, "पिन माहीत आहे का तुला?"

नव्हता माहीत.