रोल संपवताना

बडोद्यातील आमच्या घरी मोरीला दोन नावे होती. दिवसा ती मोरी. रात्री साडेनऊनंतर खिडकीवर काळी घोंगडी चढली, की तीच अंधारखोली. अप्पा लहानशा ताजव्यात दोन ग्रॅम मेटॉल, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन, दोन ग्रॅम टाकणखार आणि शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट तोलून लिटरभर डेव्हलपर तयार करीत, आणि आई त्या बाटलीवर मराठीत व गुजरातीत ‘विष’ असे लिहून ठेवी. त्यांचा पहिला कॅमेरा आगफाचा क्लिक-थ्री. तो बडोद्यातच तयार होत असे, म्हणून अप्पांना त्याचा गाववाल्यासारखा अभिमान. उजेडासाठी त्यावर दोनच चिन्हे होती, एक सूर्य आणि एक ढग. एका रोलवर बारा चित्रे निघत आणि त्या बारांत अप्पांचे एक वर्ष मावे.

हा काटकसरीचा वारसा घेऊन मी छायाचित्रे काढू लागलो. पुढे एक जुना पेंटॅक्स के-1000 हाती आला आणि डिसेंबर 1997 मध्ये, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राच्या प्रीमियर पद्मिनीतून, मी कच्छला निघालो. सोबत कृष्णधवल फिल्मचे चार रोल. ज्योती भट यांनी गुजरातच्या खेड्यांतील भिंतींवरची चित्रे आणि अंगावरची गोंदणे कृष्णधवल छायाचित्रांत कशी टिपून ठेवली, हे बडोद्यात राहून पाहिलेले होते. आपल्यालाही तसे काही साधेल, असा एक अस्फुट गर्व मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

समुद्र आणि वाळवंट ही दोन टोके आहेत अशी आपली समजूत असते. सुरजबारीच्या पुलावर ती पहिल्यांदा ढळली. कच्छकडे जाताना डाव्या हाताला आखाताचे पाणी, उजव्या हाताला छोटे रण, आणि दोन्हीकडे मिठाचे ढीग. कोणत्या बाजूला कॅमेरा धरावा हेच कळेना. मित्र म्हणाला, “दोन्हीकडे एकच आहे. एकाचं पाणी अजून आटायचंय, एवढंच.”

मांडवीला रुक्मावतीच्या मुखाशी लाकडी जहाजे बांधतात. अर्धवट बांधलेल्या जहाजाच्या फासळ्यांतून आकाश दिसते. खाली सुतार फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवत असतात. त्या फासळ्यांवर माझा पहिला रोल संपला. दुसरा मी किनाऱ्यावरच भरला. अप्पांचा दंडक असा, की उघड्यावर फिल्म बदलायची तर सूर्याकडे पाठ करावी, अंगाची सावली कॅमेऱ्यावर पाडावी आणि वारा असेल तर सरळ गाडीत जाऊन बसावे. सावली मी पाडली. वाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष केले.

तिथून लखपत. सात किलोमीटरची तटबंदी शाबूत, आत मोजकी घरे. 16 जून 1819 च्या भूकंपाने उत्तरेकडे जमिनीचा लांबच लांब बांध वर उचलला. लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटले. सिंधूचे इकडे येणारे पाणी अडले, व्यापार गेला आणि गाव हळूहळू रिकामे झाले. त्याच भूकंपात रणातला सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. त्याच्या अकरा वर्षे आधी, 1808 मध्ये, ग्रिंडले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या किल्ल्याचे रेखाटन केले होते. पुढे लायेलने ते आपल्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथात छापले. ही हकिकत मित्राने मला तटावर बसून सांगितली. ऐकताना माझे अर्धे लक्ष पलीकडच्या खाडीवरून सरकणाऱ्या उजेडाकडे होते.

मग भचाऊवरून खदीर बेटाकडे. धोलावीरेचे उत्खनन पाहायचे होते, पण मी खरा अडकलो तो अलीकडच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी पसरलेल्या पांढऱ्या रणात. इथे कॅमेऱ्यातले मीटर फसते. त्याची घडणच अशी, की समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असे धरून ते चालते. त्याचे ऐकले तर मीठ राखेसारखे येते. अप्पांचा उपाय सोपा होता. स्वतःचा तळहात उन्हात धरून त्याचे माप घ्यावे आणि त्याहून एक स्टॉप जास्त उजेड आत सोडावा. रणाच्या मधोमध मी आपलाच हात पाहत उभा होतो. रस्त्याने जाणाऱ्या उंटवाल्याला हा कोणी ज्योतिषी वाटला असावा. आता पडद्यावर चित्र लगेच दिसते, तेव्हा असल्या युक्त्यांची गरज उरलेली नाही. ऊटीचा फिल्मचा सरकारी कारखानाही केव्हाच बंद पडला. तरी आजची तरुण मुले हौसेने फिल्म मागवतात, तिच्यावरचे ओरखडेही त्यांना आवडतात. त्यांचा आनंद मला कळतो. ओरखड्यांच्या बाबतीत मात्र माझे मन अजून साफ नाही.

परतताना भचाऊत गाडीचा पंख्याचा पट्टा तुटला. मित्र नवा पट्टा शोधायला गेला आणि मी समोरच्या घराच्या ओट्यावर टेकलो. घरातल्या आजोबांनी अंगणात बोलावून खाटेवर बसवले. सूनबाईंनी बशीत चहा दिला आणि गळ्यात कॅमेरा पाहून नातू भोवती नाचू लागला. माझ्या चौथ्या रोलवर दोन चित्रे उरली होती. रोल अर्धवट ठेवून घरी जायचे नाही, ही आमच्या घरची रीत. तेव्हा मी त्या कुटुंबाला दारापुढे बसवले: आजोबा, आजी, मध्ये उभा नातू. सूनबाई दुसरा चहा टाकायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. ते चित्र मी प्रेमाने काढले असे म्हणायला मला आवडेल. पण मी रोल संपवत होतो. आजोबांनी माझ्या वहीत गुजरातीत पत्ता लिहून दिला. “फोटो मोकलजो, हों,” ते म्हणाले. मी हो म्हटले. असे हो मी त्या प्रवासात सहा-सात ठिकाणी म्हटले होते.

फिल्म धुतल्यावर कळले, की मांडवीच्या वाळूचा एक कण कॅमेऱ्याच्या आत, फिल्म मागून दाबून धरणाऱ्या पट्टीवर बसला होता. दुसऱ्या रोलपासून चौथ्यापर्यंत प्रत्येक चित्रातून, एकाच उंचीवर, डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ गेली होती. लखपतच्या तटावर ती होती. रणाच्या काही चित्रांत तिला क्षितिज समजावे इतकी ती बेमालूम होती. भचाऊच्या चित्रात ती आजी-आजोबांच्या छातीवरून गेली होती आणि उभ्या नातवाच्या पोटावरून; पण तो ऐन वेळी वाकला होता, तेव्हा त्याच्या कपाळावरही ती उमटली होती.

अप्पांनी भिंगातून निगेटिव्ह पाहिली. “ओरखडा मागच्या बाजूला आहे. नाकाचं तेल लाव,” ते म्हणाले. नाकाच्या बाजूला येणारा तेलकटपणा बोटाने घेऊन ओरखड्यात भरला, की कागदावर रेघ जवळजवळ दिसत नाही. जुने छायाचित्रकार हेच करीत. मला ते गबाळे वाटले. सदोष प्रत पाठवण्यापेक्षा पुन्हा कच्छला जाऊ, तेव्हा नवे चित्र काढून हातात देऊ, असे मी ठरवले. एक कच्ची प्रत मात्र काढून ठेवली. 1998 गेले. 1999 मध्ये अप्पा गेले.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी, आठ वाजून सेहेचाळीस मिनिटांनी, बडोद्यात आमच्या फडताळातली भांडी वाजली. भचाऊ जवळजवळ सगळे कोसळले, हे संध्याकाळपर्यंत समजले. वहीतला पत्ता काढून मी मार्चमध्ये पत्र टाकले. ते परत आले नाही. उत्तरही आले नाही. पुढच्या हिवाळ्यात ती कच्ची प्रत पुठ्ठ्यात घालून मी एकटाच निघालो.

पत्त्यावरची गल्ली राहिली नव्हती. मातीतून नवे रुंद रस्ते आखलेले होते. टपाल कचेरीतल्या एका गृहस्थांनी पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिले आणि मला पत्र्याच्या शेडच्या एका रांगेपाशी नेऊन सोडले. सूनबाई तिथे होत्या. त्या सकाळी त्या अंगणात होत्या, बाकीचे घरात. नवरा कामासाठी गांधीधामला असे, म्हणून तोही वाचला.

त्यांनी चित्र हातात घेतले. मला वाटले, त्या आधी चेहरे पाहतील. त्या मागच्या दारावरून बोट फिरवत राहिल्या. माणसांकडे त्या बऱ्याच वेळाने आल्या. उशिराबद्दल काहीतरी बोलणे भाग होते. चित्रावर रेघ पडली, म्हणून पाठवले नाही, असे मी सांगितले. “कोणती रेघ?” मी दाखवली. “ही? ही तर दोरी,” त्या म्हणाल्या. “अंगणात बांधलेली होती, कपडे वाळत घालायची.”

मी त्यांचे म्हणणे खोडून काढले नाही.

निघताना त्यांनी तीन चेहरे तीन वेगळ्या प्रतींत मागितले, भिंतीला लावण्यासाठी. बडोद्याला आल्यावर रात्री मी घोंगडी चढवली, एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह ठेवण्यापूर्वी नाकाच्या बाजूला बोट फिरवले आणि ते त्या ओरखड्यावरून हलकेच नेले. लाल दिव्याखाली आधी केस आले, मग डोळे, मग कपाळ. कपाळ स्वच्छ होते. उरलेला एक बारीक ठिपका कागद वाळल्यावर कुंचल्याच्या टोकाने भरला. तिन्ही प्रतींचे काम तासाभराचे होते.

रजिस्टर पार्सलाची पोचपावती अकरा दिवसांनी आली. सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता.