चिठ्ठी नसलेले डबे

सावध करणारा माणूस कोणालाच आवडत नाही. ‘पायरी निसरडी आहे हो,’ म्हणणारी आजी काय, किंवा परीक्षेआधी महिनाभर शुद्धलेखनाची आठवण देणारा माझ्यासारखा मास्तर काय. दोघांच्याही वाट्याला ‘बरं, बरं’ एवढेच येते. यंत्राचीही तीच गत होते, हे मला गणपतीत पेणला आलेल्या भाच्याकडून कळले.

भाचा पुण्याला संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. जावा ही त्याची भाषा. त्या भाषेतल्या याद्या पूर्वी चिठ्ठी नसलेल्या डब्यांसारख्या असत : आत काहीही टाका, काढताना काय हाती येईल ते ज्याचे त्याने लक्षात ठेवावे. 2004 साली, पाचव्या आवृत्तीत ‘जेनेरिक्स’ आले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या : ‘यात फक्त नावे’, ‘यात फक्त आकडे’. पण जगभरच्या जुन्या आज्ञावल्या एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून जुने डबेही चालू ठेवले. नवा डबा जुन्या हाती गेला, की आज्ञावली तपासणारा कंपायलर बजावतो, ‘इथली खात्री मला देता येत नाही.’ अडवत मात्र नाही.

“मग बिघडले कुठे?” मी विचारले.

“मामा, चिठ्ठी तपासणीपुरतीच असते. आज्ञावली चालू लागते तेव्हा ती पुसलेली असते. नावांच्या डब्यात कोणी आकडा टाकला, तर त्या वेळी कोणी ओरडत नाही. ओरड होते ती दुसऱ्याच खोलीत, नाव समजून तो काढायला गेलं की!”

पेणच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आमच्या कच्च्या मूर्ती गावोगाव जातात. भेग इथली, पण दिसते परगावी, रंग चढवताना.

इशाऱ्याचे तोंड बंद करायची सोयही आहे. एक ओळ पुरते. भाच्याच्या आधीच्या गड्याने ती सबंध आज्ञावलीच्या माथ्यावरच लिहून ठेवली होती. पुढे एका रुग्णालयाची औषधांची यादी ऐन रात्री उघडेना, आणि चुकला आकडा शोधायला याला दोन रात्री जागावे लागले. आता तो आधी स्वतः खात्री करतो; मगच ती ओळ, तीही नडीच्या जागेपुरती, शेजारी कारण लिहून.

जुने सगळे टाकून देऊन कोणाचाच संसार होत नाही. सासूबाईंचे डबे सुनेच्या फळीवर राहायचेच. चिठ्ठी लावता आली तर लावावी. नाही तर निदान चिमूटभर चाखून पाहावे. पिठीसाखर आणि बारीक मीठ दिसायला सारखेच. फरक कळतो तो शंकरपाळे तळून झाल्यावर, आणि तोही पाहुण्यांना!