हरणांची बाजू

पाणथळीतल्या सिका हरणांची संख्या शिकार करून कमी करायला हवी, असं मी आज मानतो. जपानात राहायला आल्यानंतर बराच काळ मी याच्या अगदी विरुद्ध बाजूला होतो. मुंग्यांना साखर घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हरणावर रोखलेली बंदूक पटणं अवघडच. चारा संपला की हरणं आपोआप कमी होतील, माणसानं मध्ये पडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

ते डळमळलं होक्काइदोतल्या तोया सरोवरातल्या नाकानोशिमा बेटाची हकिगत वाचून. 1957 पासूनच्या काही वर्षांत तिथे तीन हरणं आणून सोडली. 1983 पर्यंत ती तीनशेच्या घरात गेली, हिरवा चारा संपला आणि त्या हिवाळ्यात पुष्कळ हरणं उपासमारीनं मेली. इथवर माझं म्हणणं खरं ठरत होतं. पण मग गळून पडलेली पानंच त्यांचं मुख्य अन्न झाली आणि त्या पाचोळ्यावर जगत 2001 मध्ये कळप चारशेच्या पुढे गेला. सिका गवत खातं, सासा बांबू खातं, झाडांच्या साली सोलून खातं आणि काहीच नसेल तर पाचोळा खातं. चारा घटला म्हणून असा प्राणी वेळेवर थांबत नाही. तो थांबेपर्यंत नाजूक झाडं केव्हाच गेलेली असतात.

आणि ओझेगाहारात तर सगळंच नाजूक आहे. होन्शूच्या डोंगरातली ही पाणथळ अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांवर उभी आहे. हा थर वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा चढत नाही. इथे थंडीत माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडतं, म्हणून हरणांचा फारसा वावर नव्हता. 1990 च्या दशकात ती दिसू लागली. हिवाळा निक्को-आशिओच्या कमी बर्फाच्या उतारांवर काढायचा आणि वसंतात वर यायचं, हा त्यांचा क्रम गळ्यात बांधलेल्या जीपीएस पट्ट्यांवरून कळला. वर आल्यावर ती मित्सुगाशिवा या पाणथळ वनस्पतीची चिखलात आडवी पसरलेली जाड खोडं उकरून खातात. जिथे उकरलं तिथे उघडा काळा चिखल उरतो. उन्हाळ्यात निक्को किसुगे या पिवळ्या लिलीच्या कळ्या उमलण्याआधीच खुडल्या जातात. ती जागा बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की माझी दया फक्त डोळे असलेल्या जिवापर्यंतच पोचत होती. हजारो वर्षं साठलेल्या जमिनीला आणि त्यावरच्या फुलाला तिच्यात जागाच नव्हती.

ओझेनुमा तळ्याशेजारच्या ओए पाणथळीला 2014 मध्ये जाळीचं कुंपण घातलं, तेव्हा आतली लिली पुन्हा फुलू लागली. कुंपण चांगलंच आहे. पण सगळ्या पाणथळीभोवती ते घालता येत नाही, आणि बाहेर हरणं वाढतच राहतात.

‘माणसानं मध्ये पडू नये’ हे तर आता मला म्हणवतच नाही. होन्शूवरच्या लांडग्याची शेवटची खात्रीलायक नोंद 1905 ची आहे. हरणांना खाणारा प्राणी माणसानंच संपवला. आता हात बांधून बसणं म्हणजे लिलीच्या विरुद्ध कौल देणंच झालं.

सगळ्यात जड जातं ते मादीबद्दल बोलणं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून नुसते नर मारून संख्या घटत नाही. तरीही माद्यांच्या शिकारीवरची देशव्यापी बंदी 2007 मध्ये कुठे उठली. सिकाची मादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून जवळजवळ दरवर्षी एक पाडस देते, आणि मोकळं सोडलं तर कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. वसंतात हरणं ठरावीक वाटांनी वर चढतात. पाणथळीत पोचण्याआधी, त्या वाटांवरच त्यांना गाठावं आणि त्यात माद्याही असाव्यात, असं माझं आजचं मत आहे.