अंगावरचं आणि वरचं

बाळंतिणीला भेटायला आलेली बाई उंबऱ्यात चप्पल काढता काढताच विचारते, "अंगावर पितंय ना?" बाळ कुणावर गेलंय, नाव काय ठेवणार, हे सगळं नंतर. "हो" म्हटलं की दुसरी चप्पलही निघते आणि बाई निर्धास्त आत येते. "नाही, वरचं" म्हटलं की घटकाभर कुणी बोलत नाही, मग येतं, "असू दे, असू दे." त्या 'असू दे'त केवढा निवाडा भरलेला असतो, ते ज्या बाईने ऐकलंय तिलाच कळेल. मी ऐकलंय. १९८६ साली, साताऱ्यात, आमच्या दोन खोल्यांच्या घरात.

माझं दूध 'आटलं' होतं. निदान तसं सगळे म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. खरं तर ते धड आलंच कुठे होतं? पहिले तीन दिवस लेकीला माझ्याजवळ फारसं दिलंच नाही. मधाचं बोट, बोंडल्यातून साखरपाणी, यावर तिचं चाललं होतं. आलं ते दाट, पिवळसर. आत्याबाई म्हणाल्या, "चीक आहे तो, जड पडेल पोरीला." वाटीत पिळून मोरीत ओतला. याच घरात गावाकडून गाईचा चीक आला की वेलदोडा-केशर घालून खरवस व्हायचा, आणि चार घरी वाट्या जायच्या. गाईचा चीक नैवेद्याच्या योग्यतेचा आणि बाईचा मोरीत. हा हिशेब तेव्हा मला खटकला नाही, याचंच आता नवल वाटतं.

दूध येईना म्हणून मला खायला घातलं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा. खाऊन मी टम्म झाले. मग आला डबा. त्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं. तसं बाळ आमच्या घराण्यात कुणाचंच नव्हतं. पुढे १९९२ साली कायदा झाला आणि अशा डब्यांवर बाळाचं चित्र छापायला बंदी आली. माझा डबा त्याच्या आधीचा. दूध संपल्यावर बारा वर्षं मी त्यात हरभऱ्याची डाळ ठेवली. पुरणाला डाळ काढायला गेलं की ते बाळ माझ्याकडे बघून हसायचं.

तीच लेक मागच्या पावसाळ्यात बाळंत झाली. रक्तदाब चढला, एकतिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. बाळाचं वजन १,३८० ग्रॅम. मी सहकारी बँकेत नोकरी केली. सोनं तारण ठेवून घेताना ग्रॅमवर मोजमाप करण्यात माझी हयात गेली. पण एका माणसाचं वजन असं ग्रॅममध्ये लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

लेक एका मजल्यावर, नातू दुसऱ्या. तो काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी दोन मिली दूध नळीतून द्यायचंय. दोन मिली! आमच्या यांच्या संध्येच्या पळीत याहून जास्त पाणी मावतं. पण तेही लेकीकडे नव्हतं. आणि डब्याचं नको, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं आतडं फार कोवळं असतं. त्याला गाईचं किंवा पावडरीचं दूध सोसलं नाही तर आतड्याचा जो आजार होतो, त्यात आतड्याचा काही भाग मरूसुद्धा शकतो. आईच्या दुधाने तो धोका बराच कमी होतो. स्वतःच्या आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं. "आपल्याकडे मिल्क बँकेतलं आहे. संमती द्याल का?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मी विहीणबाईंकडे. विहीणबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पण कुणाचं असेल हो ते? कुठल्या घरचं? काय खाणारीचं?" त्यांना हसायचं मला तोंड नाही. तोच प्रश्न माझ्याही ओठांपर्यंत आला होता; त्यांनी बोलून टाकला, एवढाच फरक. विरजण संपलं तर आपण शेजारच्या दारात वाटी घेऊन बिनदिक्कत उभे राहतो. हे दूध मागताना मात्र जात, ताट, घराणं सगळं आठवतं.

जावयांनी सही केली तेव्हा मला कापूरहोळ आठवलं. साताऱ्याहून पुण्याला येताना एसटीतून कितीदा ते गाव मागे टाकलंय. तिथली धाराऊ गाडे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, सईबाईंची तब्येत ढासळलेली, तेव्हा शेतकऱ्याघरची ही बाई गडावर गेली आणि राजपुत्राची दूधआई झाली. तिच्या मुलांना दूधभाऊ म्हणून मान मिळाला. म्हणजे आपल्या भाषेत अंगावरचं आणि वरचं या दोहोंच्या मधलाही एक शब्द होता, आणि तो नुसता शब्द नव्हता, नातं होतं. आपण मध्येच कुठेतरी ते टाकून दिलं. दूधआई आता शाळेच्या इतिहासात आणि गोष्टीत उरली आणि घरात 'कुठल्या घरचं' हा प्रश्न.

ही बँक कशी चालते ते मी सवयीने खोदून खोदून विचारलं. ठेवीदार कोण, तपासणी काय, तिजोरी कुठे. सांगणाऱ्या सिस्टरला आधी कंटाळा आला असावा, मग मजा वाटू लागली. दूध देणारी बाई स्वतः नुकती आई झालेली असते, आणि स्वतःचं बाळ पोटभर पिऊन उरलं तरच देते. तिला पैसे नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस यांसाठी तिचं रक्त तपासतात. बिडी-सिगारेट, दारू, कुठली औषधं, सगळं विचारतात. (आमच्या कर्जदारांना आम्ही एवढं विचारलं असतं तर बरीच थकबाकी वाचली असती.) काही जणींचं दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर बरोबर तीस मिनिटं तापवतात आणि लगेच गार करतात. यात जंतू मरतात, पण उकळल्यावर दुधातलं जेवढं चांगलं जातं तेवढं जात नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात काही उगवलं तर सगळं दूध फेकून देतात. निर्धोक ठरलेलं उणे वीस अंशांत गोठवून ठेवतात. आणि पैसे काढायची चिठ्ठी? तिथे ओळख चालत नाही. सगळ्यांत लहान, सगळ्यांत अशक्त बाळाचा नंबर पहिला. बावीस काउंटर पाहिलेल्या मला हा नियम फार आवडला.

आशियातली पहिली अशी बँक आपल्या मुंबईत निघाली, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नोव्हेंबर १९८९ मध्ये. धारावीला लागून असलेलं महापालिकेचं रुग्णालय, आणि तिथल्या नवजात बाळांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती, आणि आमच्या डब्यात डाळ पडली होती. घाटाच्या पलीकडे काय चाललंय हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या खाटेशी एक बाई आली. स्तनपानाची समुपदेशक, असं तिच्या बिल्ल्यावर होतं. तिथल्या बायका तिला नुसतं ताई म्हणत. मी तिच्यापुढे लाडवांचा डबा धरला. तिने एक घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "आजी, लाडू द्या, बाळंतिणीला भूक लागते. पण लाडवाने पान्हा फुटत असता तर हलवायाच्या घरात पूर आला असता." मग ती लेकीकडे वळली. "दूध छातीत साठवलेलं नसतं, बाळा. मागितलं की तयार होतं. तुझं बाळ मागू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने तू मागायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. रात्री एकदा तरी, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री चढतं असतं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. अडतीस वर्षांपूर्वीचं एक कोडं माझ्यापुढे सहज उलगडत होतं. माझ्याकडे मागितलंच कुणी नव्हतं. माझ्या पोटात चारी ठाव घातलं, मागणारीला मात्र दुसऱ्या खोलीत साखरपाण्यावर ठेवलं. आटलं म्हणे!

ताईने लेकीला हाताने दूध काढायला शिकवलं. पंप नंतर, पहिले थेंब हातानेच. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तीनला एक मिलीसुद्धा नव्हतं, पण होतं पिवळंधमक. सिस्टरने तो थेंब थेंब सिरिंजमध्ये टिपून घेतला आणि लगबगीने वरच्या मजल्यावर नेला. मी मोरीची वाट आठवत बसले.

पाचव्या दिवशी लेकीची छाती दाटली, गाठी आल्या, अंगात कणकण भरली. घरी असते तर मी शेक दे, कोबीचं पान ठेव, असं करत बसले असते. ताई आली आणि म्हणाली, "दूध काढत राहा, थांबू नकोस. आणि बाळाला अंगावर घे." त्या मूठभर जिवाला टोपी-लंगोट घालून उघड्या छातीवर बांधलं. दोघांची धडधड थोड्या वेळाने एका लयीत आली, असं मला वाटलं. डॉक्टरांना विचारलं नाही.

हे सगळं आम्हाला मिळालं ते केवळ नशिबाने, कारण ज्या छोट्या दवाखान्यातून लेकीला हलवलं तिथे या बँकेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सरकारची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जिथे नवजात बाळांचा मोठा विभाग, तिथे अशी केंद्रं असावीत असं त्यात म्हटलंय. तेव्हा आता मी भेटेल त्या गरोदर पोरीला सांगते: नाव घालायला जातेस तिथेच विचार, इथे दूध काढायला कोण शिकवतं, बँक कुठे आहे. आणि फोनवरच्या गटात कुणी 'दूध उरलंय, देते' म्हणाली, तर तिचं मन मोठं आहे, पण ते दूध तपासलेलं नाही. विकत घेण्याचा तर प्रश्नच नाही. २०२४ साली अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने हा धंदा बंद करा, असं स्पष्ट बजावलंय.

हिरकणी कक्षाचं काय सांगू! तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव एसटी स्थानकातल्या बाळाला पाजायच्या खोलीला दिलं, यापेक्षा सुंदर नाव सापडलं नसतं. पुढे नातवाला घेऊन आम्ही एका स्थानकावर गेलो तर मात्र कक्षाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते ठाऊक नाही, आणि खिडकीतून आत झाडू-बादल्या दिसत होत्या. लेकीने ओढणी घेऊन बाकावरच पाजलं. कडा उतरण्यापेक्षा सोपं होतं म्हणायचं.

त्याआधी, रुग्णालयातच, तीन आठवड्यांनी लेकीला इतकं दूध येऊ लागलं की नातवाला पुरून उरे. ती स्वतःच खाली बँकेत गेली. रक्त दिलं, कागदावर सही केली, स्टीलच्या भांड्यात दूध दिलं. सिस्टरने झाकणावर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर तारीख आणि क्रमांक होता. नाव नाही, घराणं नाही. विहीणबाई तिच्यासोबत गेल्या होत्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "आपलं दूध कुठल्या घरी जाईल कोण जाणे." या वेळी त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, थोडा तोरा होता.

अडतिसाव्या दिवशी नातू घरी आला. संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. एक चप्पल काढली आणि विचारलं, "अंगावर पितंय ना?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "आधी चार-पाच जणींच्या अंगावर प्यायला, काकू. आता माझ्या."

काकू एका पायात चप्पल घालून तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.